गाडी जुनी झाली, म्हणून ऑइल जाड?

गाडी लाखभर किलोमीटरच्या पुढे गेली की गॅरेजमध्ये एक सल्ला ठरलेला असतो: ‘आता रनिंग झालंय, जरा जाड ऑइल घालू.’ सांगणारा आपल्या भल्यासाठीच सांगतो आणि ऐकणाऱ्यालाही ते पटते, कारण तर्क सरळ दिसतो. इंजिन झिजले, भागांमधली फट वाढली, तर ती भरायला दाट तेल हवे. मग ज्या इंजिनाला कंपनीने ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० सांगितलेले असते त्यात २०डब्ल्यू-५० ओतले जाते आणि पुढची सगळी वर्षे तेच पडत राहते. या सवयीला माझा विरोध आहे. ‘जुनी’ हे इंजिनाचे मोजमाप होत नाही. काहीच न मोजता तेलाची जाडी वाढवली तर बिघाड जिथल्या तिथे राहतो आणि त्याची खूण तेवढी झाकली जाते. हा प्रश्न हौशी गाडीवाल्यांचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हातातली अल्टो, वॅगनआर, सँट्रो, इंडिका किंवा डिझेल स्विफ्ट घेऊन चालणारी लाखो घरे महाराष्ट्रात आहेत. १५ वर्षांनंतर नोंदणी नव्याने करण्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, तरी लोक ते भरून गाडी ठेवतात. दवाखाना, शाळा, शेत आणि बाजार त्या गाडीवर चालतात. अशा घराला इंजिनचे काम निघणे म्हणजे गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा एका फटक्यात जाणे. म्हणून दर सर्व्हिसिंगला आपण इंजिनात काय ओततो, हे अंदाजावर सोडू नये.

डब्यावरच्या आकड्यांपासून सुरुवात करू. १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा तेल थंड असताना कसे वागते ते सांगतो आणि दुसरा तापल्यावर किती दाट राहते ते. एसएई या अमेरिकी संस्थेने ही प्रतवारी बांधून दिली आहे आणि तिच्या सीमा ठरलेल्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला ‘३०’ चे तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या पट्ट्यात, ‘४०’ चे १२.५ ते १६.३ मध्ये आणि ‘५०’ चे १६.३ ते २१.९ मध्ये बसावे लागते. म्हणजे ३० सोडून ५० वर गेले की तापलेल्या इंजिनातले तेल जवळपास पावणेदोन पट दाट होते. ‘जरा जाड’ म्हणून जे ओतले जाते ते जरा नसते. पहिल्या आकड्याची परीक्षा तर शून्याच्या बऱ्याच खाली होते: २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना, १०डब्ल्यूची उणे २५ आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. एवढी थंडी महाराष्ट्रात कुठेच पडत नाही, तेव्हा पहिला आकडा आपल्याकडे निकामी आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तर दाटच तेल बरे, असे अनेक जाणकारही म्हणतात. जाड ऑइलच्या बाजूने केला जाणारा हा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे, त्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. माणसाला ती भट्टी वाटते, पण इंजिन ऑइलच्या दृष्टीने ४५ अंश म्हणजे थंडच. तेलाचे काम चालते ते ९० ते ११० अंशांच्या आसपास, आणि कूलंटचे तापमान थर्मोस्टॅट व रेडिएटरचा पंखा राखत असल्यामुळे बाहेरच्या दहा-पंधरा अंशांचा फरक तेलापर्यंत पोचेतो बराच मऊ झालेला असतो. उलट गाडी चालू करतानाचा क्षण पाहा. ४० अंशांना साधारण २०डब्ल्यू-५० तेल दीडशे सेंटिस्टोकच्या घरात असते. तेच १०० अंशांना अठराच्या आसपास येते. म्हणजे भर उन्हाळ्यात चावी फिरवतानाही ते कामाच्या वेळेपेक्षा सुमारे आठपट दाट असते. ४० अंशांनाच ५डब्ल्यू-३० साठ-सत्तरच्या घरात असते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात, पहाटे दहा अंशांवर, दोघांमधला फरक आणखी वाढतो. थंडीत बाटलीतली काकवी ज्या संथपणे उतरते तसे ते दाट तेल पंपाच्या जाळीतून वर ओढले जाते. पंपावरचा दाब फार वाढला की रिलीफ व्हॉल्व उघडतो आणि तेल वर जाण्याऐवजी परत खाली चेंबरमध्ये येते. फिल्टरमधूनही ते लवकर जात नाही, तेव्हा फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेले तेल पुढे सरकते. तोवर वरचा कॅमशाफ्ट, टॅपेट आणि टर्बो आदल्या दिवशीच्या उरलेल्या थरावर फिरत असतात. इंजिनच्या झिजेचा मोठा वाटा या सुरुवातीच्या काळातला असतो. घरगुती गाडीचे दिवसाचे वेळापत्रक मनात आणा: मुलांना शाळेत सोडणे, भाजी, बँक, परत. तीन-चार किलोमीटरच्या अशा फेऱ्यांत तेल पुरते तापतच नाही. त्या गाडीसाठी पहिला आकडाच जास्त महत्त्वाचा आहे, आणि जाड ऑइल घेताना नेमका तोच बिघडवला जातो.

आता ‘फट वाढली’ या मूळ समजुतीकडे. छोट्या मोटारीच्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमधली मोकळीक नवी असताना साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते. चालत्या इंजिनात शाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांना टेकतच नाहीत, दोघांमध्ये तेलाचा दाबलेला थर असतो. त्यामुळे ज्या गाडीचे ऑइल वेळेवर बदलले गेले आणि कधी कमी पडले नाही, तिची बेअरिंग दीड-दोन लाख किलोमीटरनंतरही बहुधा चांगल्या अवस्थेत सापडतात. आधी जातात ते दुसरेच भाग. व्हॉल्वची रबरी सील उष्णतेने कडक होतात. पिस्टनच्या ऑइल रिंगमध्ये कार्बन बसून ती जागेवर चिकटते. टॅपेट कव्हरचे गॅस्केट आणि क्रँकचे मागचे ऑइल सील झिरपू लागते. पीसीव्ही व्हॉल्व, म्हणजे इंजिनातल्या वाफा परत आत ओढणारी छोटीशी झडप, चिकटाने बंद होते. मग आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडते. या सगळ्यांचा परिणाम मालकाला एकच दिसतो, ‘गाडी ऑइल खाते’. पण इलाज प्रत्येकाचा वेगळा आहे आणि पीसीव्ही व्हॉल्वचा तर अगदी स्वस्त आहे. कडक झालेले सील दाट तेलाने मऊ होत नाही, आणि चिकटलेली रिंग दाट तेलाने सुटत नाही.

कारण कुठे आहे याच्या खुणा धुरातही मिळतात, फक्त पाहण्याची तसदी घ्यावी लागते. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना निळा धूर एकदाच भसकन येतो आणि मग थांबतो, तेव्हा संशय व्हॉल्वच्या सीलवर जातो. रात्रीत तेल गाइडमधून खाली उतरलेले असते. बोरघाट किंवा खंबाटकी उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो. पेट्रोल गाडीत अशा वेळी सिलिंडरमध्ये मोठी पोकळी तयार होऊन वरचे तेल गाइडमधून खाली ओढले जाते. घाट संपताच अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि आरशात निळा लोट दिसला, की तीही गाइड-सीलचीच खूण. चढावर ओढ देताना धूर सतत राहतो आणि ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर आतून हवेचे फटके बसतात, ज्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तिथे रिंग आणि बोअरची तपासणी करावी. पांढरा धूर थांबेना आणि डिपस्टिकवर दुधी चिकट थर असेल तर पाणी तेलात मिसळते आहे. हेड गॅस्केटचा प्रश्न आहे आणि कोणतेही ऑइल त्यावर उपाय नाही. हे सगळे गॅरेजवाल्याला ठाऊक असते. प्रश्न असा की ऑइल निवडण्याआधी ते पाहिले जाते का? बहुतेक ठिकाणी मीटरवरचा आकडा पाहून निर्णय होतो, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवलेले असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. ज्या आकड्यावर गाडी विकत घेताना आपण विश्वास ठेवत नाही, त्यावर तिचे ऑइल ठरवणे बरोबर नाही.

जाड तेलाचे नुकसान कुठे होते याचे ठळक उदाहरण म्हणजे फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन. १,२४८ सीसीचे हे इंजिन आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत वेगवेगळ्या नावांनी आले. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते बनत असे. बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि २०२० मध्ये ते बंद झाले, पण रस्त्यावर आजही भरपूर आहे आणि दोन लाखांच्या पुढे गेलेल्या गाड्या सहज भेटतात. या इंजिनात तेल वंगणापलीकडे दाबाचे कामही करते. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. व्हॉल्वची मोकळीक आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टरही तेलावरच चालतात. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा टर्बोचा दांडा एका बारीक नळीतून येणाऱ्या तेलावर तरंगतो. थंड इंजिनात दाट तेल इथे उशिरा पोचते. तेवढ्या वेळात चेन सैल राहून खडखडते आणि टर्बो अपुऱ्या तेलावर फिरतो. यात चिंता करण्याजोगी गोष्ट अशी: हेच दाट तेल तापल्यावर टॅपेटचा आवाज खरोखर कमी करते. मालक दुपारी गाडी चालवून पाहतो, इंजिन शांत वाटते, तो समाधानाने पैसे देतो. सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत रोज काय घडते ते ऐकायला गॅरेजवाला तिथे नसतो. डिझेल गाड्यांबद्दल आणखी एक गैरसमज याच ठिकाणी दूर करायला हवा. नवे ऑइल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळे पडले म्हणजे ते खराब झाले असे नाही. आतली काजळी पकडून स्वतःत तरंगती ठेवणे हे त्याचे कामच आहे. काळ्या रंगावरून तेलाची पारख करणारा माणूस चांगले तेल वाईट ठरवतो आणि मग त्याहून जाड तेलाच्या मागे लागतो.

मग हा सल्ला आला कुठून? तो वेडगळपणातून आलेला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसिडर यांच्या काळात तो योग्यच होता. त्या इंजिनांच्या मोकळ्या जागा मुळातच मोठ्या होत्या. कार्बोरेटर असल्यामुळे चोक ओढून गाडी चालू केली की जादा पेट्रोल बोअर धूत खाली उतरायचे आणि तेल पातळ करायचे. दाट तेल घेतले की पातळ होऊनही पुरेसे उरायचे. त्या काळचे तेलही आजच्याइतके टिकाऊ नव्हते. आपले जुने मिस्त्री या गाड्यांवर घडले आणि त्यांच्या हातांत तयार झालेले पुढचे मिस्त्री तोच धडा घेऊन निघाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, पण तिच्यासाठीचा नियम अजून फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांना लावला जातो. आज कोणी जतन केलेली पद्मिनी चालवत असेल तर त्याने खुशाल २०डब्ल्यू-५० वापरावे, आणि तिच्या सपाट टॅपेटसाठी झिंक-फॉस्फरसचे प्रमाण जास्त असलेले तेल शोधावे. मात्र तेच झिंकवाले तेल पुढच्या काळातल्या गाडीत घातले आणि ती थोडे तेल जाळत असली, तर फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून त्याला हळूहळू निकामी करतो. दोन्ही गाड्यांना आपण ‘जुनी’च म्हणतो, पण एकीचे औषध दुसरीला लागू नाही.

यावर एक आधुनिक आक्षेप येतो. कंपन्या पातळ तेल सांगतात ते इंजिनच्या भल्यासाठी नाही, तर सरकारचे इंधनबचतीचे निकष गाठण्यासाठी, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. काही इंजिनांना अमेरिकेत ०डब्ल्यू-२० सांगितले जाते आणि इतर देशांतल्या मॅन्युअलमध्ये त्यासोबत अधिक दाट प्रतींनाही परवानगी असते, हे जगजाहीर आहे. आपल्याकडच्या काही नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ सांगितले जाते, त्यामागेही इंधनाचा हिशेब आहेच. परंतु आपण बोलतो आहोत ते बारा-पंधरा-अठरा वर्षे वयाच्या गाड्यांबद्दल. भारतात मोटार कंपन्यांना सरासरी इंधन वापराचे ‘कॅफे’ निकष लागू झाले ते २०१७-१८ पासून, आणि पुढचा कडक टप्पा २०२२-२३ मध्ये आला. २००८ किंवा २०१० च्या गाडीचे मॅन्युअल त्याच्या बरेच आधी छापलेले आहे. शिवाय त्या काळच्या अनेक मॅन्युअलमध्ये एकच प्रत नसून बाहेरच्या तापमानानुसार तीन-चार प्रतींचा तक्ता असतो. तो तक्ता म्हणजे अभियंत्याने आखून दिलेले कुंपण आहे. त्याच्या आत पातळ-जाड करण्याची मोकळीक मालकाला आहे आणि ती वापरायला माझी काहीच हरकत नाही.

दुसरा आक्षेप सिंथेटिकबद्दलचा. जुन्या इंजिनात सिंथेटिक घातले की गळती सुरू होते, असे ठामपणे सांगितले जाते. सिंथेटिक तेलांच्या अगदी सुरुवातीच्या काळात काही मिश्रणांनी रबर आकसत असे, त्यातून ही भीती पसरली. आजची तेले वेगवेगळ्या सीलवर तपासूनच बाजारात येतात. तरीही एखाद्या गाडीत तेल बदलल्यावर गळती दिसते हे खरे आहे. त्याचे कारण असे की सील आधीच तडकलेले असते, त्या तड्यात जुना चिकटा भरून बसलेला असतो आणि चांगल्या तेलातले स्वच्छ करणारे घटक तो काढून टाकतात. गळती तेलाने निर्माण केलेली नसते, तेलाने ती उघडी पाडलेली असते. अशा गाडीसाठी अमेरिकेत निराळी तेले मिळतात. व्हॅल्व्होलिनने २००० साली ७५,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे १,२०,००० किलोमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी ‘मॅक्सलाइफ’ आणले आणि मग इतर कंपन्याही उतरल्या. त्यांत रबर किंचित मऊ करून फुगवणारे घटक असतात, सफाई करणारे आणि तेल खराब होऊ न देणारे घटक जास्त असतात. आपल्याकडे ती सगळीकडे मिळतातच असे नाही. पण त्यांच्याकडून एक मोलाची गोष्ट कळते. ज्यांनी खास जुन्या गाड्यांसाठी तेल बनवले, त्यांनी ते ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा नेहमीच्याच प्रतींत आणले. जुन्या इंजिनची गरज जाडीची आहे असे त्यांना वाटले असते, तर बदल आधी तिथे केला असता. त्यांनी बदलले ते आतले रसायन.

सर्वांत महत्त्वाचा आक्षेप मात्र अनुभवाचा आहे. ‘पन्नास गाड्यांत घातलं, पन्नास गाड्यांचा धूर कमी झाला’ असे सांगणारा मिस्त्री खोटे बोलत नाही. दाट तेल गाइड आणि रिंगमधून थोडे कमी झिरपते, म्हणून धूर आणि खप दोन्ही काही काळ घटतात. त्यामागे त्याचा आणखी एक हिशेब असतो, जो तो सहसा बोलून दाखवत नाही. गिऱ्हाईक सहा महिने बॉनेट उघडणार नाही, दहा हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग पंधरा हजारांवर नेणार आणि मधल्या काळात तेलाची पातळी कुठवर उतरली हे कोणी बघणार नाही, याची त्याला खात्री असते. अशा गाडीत तेल जरा हळू संपावे, एवढीच त्याची इच्छा असते. म्हणजे हा इलाज मालकाच्या दुर्लक्षावरचा आहे आणि त्याचा भार इंजिनवर पडतो. मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. तो समोरच्या माणसाकडे पाहून शहाणपणाने वागतो आहे. बदलायला हवे ते मालकाने, आणि त्याला फार काही करावे लागत नाही. सपाट जागी, सकाळी इंजिन थंड असताना, आठवड्यातून एकदा डिपस्टिक काढून पुसावी, परत घालावी आणि पाहावी. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये एक लिटरच्या आसपास तेल बसते. हजार किलोमीटरमध्ये पातळी किती उतरली ते वहीत लिहिले की ‘ऑइल खाते’ या तक्रारीचे मोजमाप झाले. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानतात. हजारला पाव लिटर उतरत असेल तर घाबरून इंजिन उघडण्याची गरज नाही. सांगितलेल्याच प्रतीचे तेल वर भरत राहावे आणि आकडा वाढतो का यावर नजर ठेवावी.

जाड तेल कधीच वापरू नये असे माझे म्हणणे नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर, आयडलिंगला, ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी गेज लावून दाब मोजता येतो. साधन महागडे नाही आणि काम फार वेळ खाणारे नाही. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबता येत नाही, कारण तो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली दाब गेल्यावरच लागतो, म्हणजे फार उशिरा. गेजवर दाब कंपनीच्या मर्यादेच्या काठावर आला असेल, किंवा सील-पीसीव्हीचे काम करूनही खप चढाच असेल, तर दुसरा आकडा एक पायरी वाढवावा आणि पहिला तसाच ठेवावा. ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० वर जावे, १०डब्ल्यू-३० वरून १०डब्ल्यू-४० वर. तापलेल्या इंजिनला हवा तो जाड थर मिळतो आणि सकाळची सुरुवात बिघडत नाही. थेट २०डब्ल्यू-५० ची उडी ही मोटार विकेपर्यंत किंवा इंजिन उघडेपर्यंत दिवस काढण्याची सोय आहे. तेवढ्यासाठी कोणी ती घेत असेल तर घ्यावी, पण तिला देखभाल म्हणू नये.

आणि जाडीपेक्षा दर्जा मोठा. दर्जा सांगणारी अक्षरे डब्याच्या मागे बारीक छापलेली असतात आणि ती वाचणारे फार थोडे. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआय या अमेरिकी संस्थेची एसएन ही पातळी २०१० मध्ये आली, एसपी २०२० मध्ये. एसएफ ही ऐंशीच्या दशकातली पातळी कधीच कालबाह्य ठरली आहे. एसएफचे २०डब्ल्यू-५० आणि एसएनचे १०डब्ल्यू-४० यांत निवड करायची वेळ आली तर गिऱ्हाईक जाड आणि स्वस्त म्हणून पहिले उचलते. इंजिन आतून स्वच्छ ठेवण्याच्या बाबतीत दुसरे कितीतरी पुढे असते. ट्रक-ट्रॅक्टरच्या बकेटमधले १५डब्ल्यू-४० सरसकट सगळ्या गाड्यांत ओतण्याचीही पद्धत आहे. ज्या जुन्या डिझेल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ती प्रत आणि ती पातळी आहे तिथे ते चालते. पण बीएस-६ डिझेल गाडीला, जिच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असतो, कमी राख सोडणारे तेल लागते. त्या गाड्याही आता जुन्या होऊ लागल्या आहेत आणि तालुक्याच्या गॅरेजमध्ये येऊ लागल्या आहेत. सुटे तेल, सील उघडलेला डबा, ओळखीच्या नावाच्या पण निम्म्या किमतीच्या बाटल्या यांपासून तर दूरच राहावे. जाड करणारी, धूर थांबवणारी औषधेही घालू नयेत. वर्षानुवर्षे गाळ साठलेल्या इंजिनात फ्लश ओतणे धोक्याचे आहे. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर जाऊन बसला तर तेलच बंद होते. अशा इंजिनात चांगले ऑइल आणि फिल्टर तीन-चार हजार किलोमीटरवर दोनदा-तीनदा बदलणे सुरक्षित पडते. धूळ, ट्रॅफिक आणि छोट्या फेऱ्या यांना मॅन्युअल ‘कठीण वापर’ म्हणते आणि त्यासाठी बदलण्याचे अंतर कमी सांगते. आपल्या शहरांतल्या जवळजवळ सगळ्या गाड्या त्यात बसतात. महाग तेल पंधरा हजार चालवण्यापेक्षा मध्यम किमतीचे, योग्य प्रतीचे तेल पाच-सहा हजारांवर बदलणे जुन्या गाडीला जास्त मानवते.

गॅरेजचालकांच्या संघटनांकडून एक अपेक्षा आहे. आज बिलावर ‘इंजिन ऑइल, ३ लिटर’ एवढेच लिहिलेले असते. त्याऐवजी प्रत, एपीआय किंवा कंपनीची पातळी, किती लिटर, मीटरवर किती किलोमीटर आणि काढलेले तेल किती निघाले, एवढे पाच तपशील लिहिले जावेत. शेवटचा तपशील सर्वांत कामाचा: साडेतीन लिटर घातलेल्या गाडीतून पाच हजारांनंतर दोनच लिटर निघाले तर खप किती ते तिथेच कळते. काढलेले तेल नाल्यात न जाता नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडे जाते का, हेही त्याच नोंदीतून तपासता येईल. वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, पण त्याची साखळी गल्लीतल्या गॅरेजपासूनच सुरू व्हायला हवी. मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या आयटीआयने महिन्यातून एखादा दिवस ऑइल प्रेशर आणि कॉम्प्रेशन मोजून देण्याची सोय लोकांसाठी केली, तर विद्यार्थ्यांना खऱ्या जुन्या इंजिनांवर हात मिळेल आणि मालकांना अल्प खर्चात आपल्या गाडीची खरी स्थिती कळेल. गाडी विकताना या बिलांची आणि मोजमापांची फाइल नव्या मालकाच्या हाती द्यावी. त्याने कोणते ऑइल घालावे, हे त्याला ती फाइल सांगेल.